एटनाचे वाटाडे

रोमन सम्राट हेड्रियन आपल्या साम्राज्यात जितका हिंडला तितका त्या गादीवरचा दुसरा कोणी क्वचितच हिंडला असेल. सरहद्दींची पाहणी, छावण्यांची तपासणी, प्रांताधिकाऱ्यांची झाडाझडती अशी सबळ कारणे त्याच्या बहुतेक प्रवासांना होती. परंतु इ. स. 125 च्या सुमारास ग्रीसहून परतताना तो सिसिली बेटावर उतरला आणि एटना या धगधगत्या पर्वतावर चढला, त्या चढाईस मात्र राज्यकारभाराचे कोणतेही निमित्त नव्हते. सम्राटांच्या चरित्रांचा जो एक जुना लॅटिन संग्रह आज उपलब्ध आहे, त्यात तिचे कारण एकाच वाक्यात नोंदलेले आढळते: त्या माथ्यावरून उगवता सूर्य इंद्रधनुष्यासारखा नानारंगी दिसतो अशी वदंता होती, आणि तो देखावा सम्राटास पाहावयाचा होता. हा संग्रह भाकडकथांना सढळ हाताने थारा देणारा असल्यामुळे त्याच्या प्रत्येक विधानावर विसंबणे धोक्याचे आहे. तथापि हाच सम्राट पुढे सिरियातील कॅसियस पर्वतावरही सूर्योदयासाठीच रात्री चढला आणि तेथे वादळात वीज पडून यज्ञपशू व त्याचा बळी देणारा सेवक असे दोघेही तिच्या तडाख्यात सापडले, अशीही नोंद त्यात असल्यामुळे, या माणसाला पहाटेच्या डोंगरांचा छंदच होता असे मानावयास हरकत नसावी.

सम्राटाच्या पुढे वाट दाखवीत कोण चालला होता, याविषयी चरित्रकार अर्थातच मौन पाळतो. परंतु हेड्रियनच्या सुमारे शंभर वर्षे आधी होऊन गेलेल्या स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले आहे. या पर्वताच्या उतारावर एटना याच नावाचे एक लहानसे नगर होते, आणि माथ्याकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना उतरवून घेणे व पुढे वाटेला लावून देणे हे काम तेथील रहिवासी करीत, असे तो सांगतो. आपल्याकडे क्षेत्राच्या गावी यात्रेकरूला उतरवून घेण्याची जी वहिवाट असते, तिच्यासारखीच ही व्यवस्था दिसते. फरक इतकाच की येथे देऊळ नव्हते आणि देवता केव्हा कोपेल याचा पंचांगात उल्लेख नव्हता. नुकत्याच वर जाऊन आलेल्या काही लोकांकडून स्ट्रेबोने जे ऐकले तेही त्याने नमूद केले आहे: माथ्यावर राखेच्या कड्याने वेढलेले एक सपाट मैदान आहे, कड्याची उंची घराच्या भिंतीएवढी आहे, आणि त्यांच्यापैकी दोघे धीर करून मैदानात उतरले खरे, पण पायाखालची रेती अधिकाधिक तापलेली व खोल लागू लागल्याने त्यांना माघारी फिरावे लागले. कुठवर जावे आणि कुठून परतावे हा प्रश्न, म्हणजे वाटाड्याच्या धंद्याचा सारा मथितार्थ, दोन हजार वर्षांपूर्वीच तेथे उपस्थित झालेला होता.

सूर्योदयाचा हा हव्यास केवळ रसिकतेतून उपजलेला नाही, हे एटनाची रचना ध्यानी घेतली म्हणजे पटते. समुद्राच्या काठापासून उठलेला हा पर्वत 3,300 मीटरांहून उंच आहे. त्याची नेमकी उंची प्रत्येक उद्रेकागणिक कमीजास्त होते. जुने प्रवासी त्याचे तीन पट्टे करीत: पायथ्याशी द्राक्षमळ्यांचा व फळबागांचा लागवडीचा पट्टा, मध्ये अरण्याचा पट्टा, आणि त्याच्यावर राख, खडक व बर्फ यांखेरीज काहीही नसलेला उजाड पट्टा. उन्हाळ्याच्या दिवसात दुपारी त्या काळ्या राखेवरून चढणे म्हणजे तव्यावरून चालणेच होय. रात्री तीच राख थंडावते, आणि ठिकठिकाणचे बर्फही पायाला घट्ट लागते. शिवाय सूर्य चढू लागला की सखल प्रदेशातील बाष्प वर येऊन माथ्याभोवती मेघांचे कडे धरते आणि सकाळ पुरती सरण्यापूर्वीच पाहण्यासारखे काही उरत नाही. सारांश, पहाटेची ती घटिका आधी वाटाड्यांच्या व्यवहाराने ठरविली आणि कवींनी मागाहून तिची स्तुती केली, असे माझे मत आहे. ती स्तुती अगदीच अनाठायी आहे असे मात्र नव्हे. सूर्य समुद्रातून वर येतो त्या क्षणी पर्वताची त्रिकोणी छाया पश्चिमेस संपूर्ण बेटावर पसरलेली दिसते, आणि जसजसे बिंब वर येते तसतशी ती आखडत पायथ्याशी येते; उत्तरेस लिपारीची बेटे, पूर्वेस सामुद्रधुनीपलीकडचा इटलीचा किनारा, आणि मागे खुद्द पर्वताच्या मुखातून निघणारा गंधकाचा धूर, असे हे दृश्य आहे.

मधल्या शतकांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. मेसिना येथे ग्रीक भाषेच्या अध्ययनासाठी राहिलेला पिएत्रो बेम्बो हा तरुण व्हेनिसकर 1493 साली एका मित्रासह वर गेला आणि त्याविषयी त्याने लॅटिनमध्ये एक संवाद लिहिला. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियस या विख्यात मुद्रकाने तो 1496 मध्ये छापला. मौज अशी की त्या पुस्तिकेतील पर्वतवर्णनापेक्षा तिच्या छपाईसाठी पाडलेले खिळेच अधिक दीर्घायुषी ठरले, आणि त्यांच्यावरून विसाव्या शतकात घडविलेला टंक आजही बेम्बोच्याच नावाने ओळखला जातो.

वाटाड्यांचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो तो निकोलोसी या गावापासून. पर्वताच्या दक्षिण उतारावर सुमारे 700 मीटर उंचीवर वसलेले हे गाव 1669 सालच्या मार्च महिन्यात शब्दशः बेचिराख झाले. गावाच्या उशालाच जमीन दुभंगून उद्रेकाचे नवे मुख निर्माण झाले, त्यातून निघालेल्या राखेच्या व कोळशाच्या राशींनी माँती रॉस्सी, म्हणजे तांबडे डोंगर, ही जोडटेकडी उभी राहिली, आणि शिलारसाचा लोंढा कतानिया शहराचा तट ओलांडून समुद्राला जाऊन मिळाला. समुद्राच्या काठावर बांधलेला उर्सीनो किल्ला त्या दिवसापासून पाण्यापासून दूर पडला तो कायमचा. इतके होऊनही निकोलोसीकरांनी गाव पुन्हा तेथेच बांधले. ज्या रयतेची शेती, लाकूड आणि बर्फ या तिन्हींची भिस्त एका डोंगरावर असते, ती डोंगर सोडून जाणार कुठे?

यांपैकी बर्फाचा मामला थोड्या विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे सूर्योदयाच्या सहलीची खरी वाट बर्फवाल्यांनीच पाडली. भूमध्य समुद्राच्या उन्हाळ्यात सिसिलीतल्या धनिकाला आणि गरिबालाही गार पेय व सरबत लागे, आणि ते पुरविणारे शीतगृह म्हणजे एटनाचा उजाड पट्टा होय. हिवाळ्यात पडलेले बर्फ खळग्यांतून व गुहांतून दाबून भरीत, त्यावर ज्वालामुखीचीच राख पसरीत, आणि राखेतून ऊन आत शिरत नसल्यामुळे ते भर उन्हाळ्यापर्यंत टिके. मग ते खेचरांवर लादून खाली आणीत. हे बर्फ जहाजांनी माल्टापर्यंत जात असे. या व्यापारावरचा हक्क कतानियाच्या बिशपकडे असे, आणि त्याच्या महसुलाचा मोठा भाग या विकाऊ थंडीतून येतो असे अठराव्या शतकातील प्रवाशांनी आश्चर्याने लिहिले आहे. ज्या माणसांनी पिढ्यानुपिढ्या हा माल अंधारात खाली उतरविला त्यांना कुठला उतार ठिसूळ आहे, वारा कोणत्या अंगाने धूर आणील आणि खेचर कुठे बिथरेल हे शिकविण्याची गरज नव्हती. परदेशी सरदार त्यांच्या दारी आले, तेव्हा ज्ञान तयारच होते, केवळ गिऱ्हाईक नवे होते.

ही गिऱ्हाइके 1769 च्या सुमारास येऊ लागली. नेपल्सच्या दरबारातील इंग्रज वकील विल्यम हॅमिल्टन त्या वर्षी वर गेला, आणि पुढच्याच वर्षी पॅट्रिक ब्रायडन हा स्कॉटिश गृहस्थ गेला. ब्रायडनच्या 1773 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासपत्रांनी एटनावरचा सूर्योदय युरोपभर गाजविला. रानातील शेळ्यांच्या गुहेत पानांच्या बिछान्यावर काही तास काढावयाचे, मध्यरात्री उठून वाटाड्याच्या मागोमाग निघावयाचे आणि उजाडण्यापूर्वी माथा गाठावयाचा, हा क्रम या पत्रांमुळे रूढ झाला. ब्रायडनने आपल्या वाटाड्याला सायक्लॉप्स, म्हणजे पुराणातला एकाक्ष राक्षस, असे टोपणनाव दिले होते. गावकऱ्यांना मात्र हे परकीय लोक वर का जातात याचा उलगडा होईना. हे गुप्तधनाच्या शोधात असावेत असा कुणाचा तर्क, तर इंग्लंडची एक पाखंडी राणी या पर्वताच्या पोटात जळत पडली आहे, अशी कुणाची खात्री. स्वतः ब्रायडन शेवटपर्यंत पोहोचला की नाही याविषयी पुढे शंका काढण्यात आली. तसे असेल तर, न पाहिलेल्या सूर्योदयाच्या वर्णनाने हजारोंना पाहावयास धाडणारा लेखक म्हणून त्याचे कौतुकच केले पाहिजे.

हॅमिल्टन आणि ब्रायडन यांना साह्य करणारा कॅनन जुझेप्पे रेकुपेरो हा कतानियाचा धर्मोपदेशक एटनाचा पहिला पद्धतशीर अभ्यासक होय. एका खोल विहिरीच्या छेदात त्याला शिलारसाचे सात थर एकावर एक आढळले, आणि दर दोन थरांमध्ये कसदार मातीचा पट्टा होता. एका थरावर माती होण्यास दोन हजार वर्षे लागतात असे धरले तर खालचा थर चौदा हजार वर्षांचा ठरतो, आणि हे गणित धर्मग्रंथातील जगाच्या वयाशी जुळत नाही. ब्रायडनने ते छापून टाकल्यामुळे बिचारा कॅनन आपल्या वरिष्ठांच्या नजरेत आला. मराठी वाचकाला हा छेद पाहण्यासाठी सिसिलीस जाण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीची जी पट्टी दिसते ती याच जातीची आहे. भेद इतकाच की आपला शिलारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला.

सगळेच पाहुणे वर गेले असे नव्हे. 1787 च्या मे महिन्यात जर्मन कवी गटे कतानियास आला असता जोएनी या निसर्गशास्त्रज्ञ सरदाराने त्याला बजावले की ऋतू अजून अनुकूल नाही, माँती रॉस्सीवर चढावे आणि बाकीचे ऐकून घ्यावे. गटेने तो सल्ला मानला, आणि त्या लहानशा टेकडीवरही वाऱ्याने त्याला उभे राहू दिले नाही. माझ्या मते एटनाच्या साऱ्या प्रवासवाङ्मयातील हा सर्वांत शहाणपणाचा प्रसंग आहे.

माथ्याखाली निवारा नसणे ही या प्रवासातली मोठी अडचण निकोलोसीच्याच जेम्मेल्लारो बंधूंनी दूर केली. मारिओ जेम्मेल्लारो याने 1804 साली सुमारे 2,900 मीटर उंचीवर एक झोपडीवजा आसरा बांधला. पुढे नेपोलियनशी चाललेल्या युद्धात ब्रिटिश फौजेचा तळ सिसिलीत पडला, तिच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढली, आणि 1811 मध्ये तेथेच पक्के घर उभे राहिले. ते इंग्रजांचे घर म्हणूनच प्रसिद्धी पावले. पैसा त्यांचा होता हे खरे, पण कल्पना, देखरेख आणि चढविलेला प्रत्येक दगड निकोलोसीचा होता. यापुढे प्रवाशांना संध्याकाळी खेचरांवर निघून अंधारात या घरी पोहोचता येऊ लागले. येथून शेवटचा शंकू मात्र पायीच चढावा लागे, आणि खेचरे खालीच थांबत.

याच बंधूंपैकी एकाने 1828 साली केलेला एक शोध या प्रकरणात अनपेक्षित वाटेल. त्या वर्षीचा उन्हाळा इतका कडक होता की बर्फाचे सारे साठे संपले, आणि कतानियाच्या अधिकाऱ्यांनी जेम्मेल्लारोकडे धाव घेतली. त्याने माथ्याच्या पायथ्याशी शिलारसाच्या थराखाली खणून बर्फाचा एक प्रचंड साठा दाखवून दिला. शिलारस वाहत आला तेव्हा बर्फावर राखेचा जाड थर असल्याने आगीखालचे पाणी गोठलेलेच राहिले होते. त्याच वर्षी एटनावर आलेल्या चार्ल्स लायेलने ही हकीकत आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात दाखल केली.

पुढच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतात. इंग्रजांच्या घराला जोडून 1880 साली वेधशाळा उभी राहिली. 1934 मध्ये सुमारे 1,900 मीटरपर्यंत मोटारीचा रस्ता झाला, आणि रात्रभराचा खेचरांचा प्रवास इतिहासजमा झाला. ती वेधशाळा 1971 च्या उद्रेकात शिलारसाखाली गडप झाली. त्यानंतर 12 सप्टेंबर 1979 रोजी माथ्यावरच्या एका मुखात पूर्वसूचनेवाचून स्फोट होऊन नऊ पर्यटक ठार झाले. वाटाडेपण हा गावचा वहिवाटी हक्क न राहता परवान्याचा विषय व्हावा, हे अशा अनुभवांनंतर सर्वांना पटले असल्यास नवल नाही. इटलीने 1989 साली गिर्यारोहण मार्गदर्शकांचा जो कायदा केला त्यात ज्वालामुखीवरील मार्गदर्शकांची स्वतंत्र तरतूद आहे. युनेस्कोने 2013 साली पर्वताला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तरी पर्वताच्या वागणुकीत त्यामुळे काही फरक पडला नाही: 2017 च्या मार्चमध्ये वाहता शिलारस बर्फावर आला, बर्फाची क्षणात वाफ होऊन स्फोट झाला, आणि चित्रीकरणास आलेली मंडळी व काही पर्यटक जखमी झाले.

आजही उन्हाळ्यात परवानाधारक मार्गदर्शकांबरोबर पहाटेच्या चढाया निघतात, आणि डोंगराची स्थिती पाहून वरचा भाग कधी खुला, कधी बंद ठेवण्याचे हुकूम सुटतात. जो कोणी मराठी प्रवासी जाईल त्याने गरम कपडे जवळ बाळगावे, त्या दिवसाचा हुकूम आधी वाचावा, आणि मार्गदर्शकाने अर्ध्या वाटेवरून परत फिरविले तर हुज्जत न घालता ठरलेली रक्कम त्याला पुरती मोजून द्यावी.