वेबपेजवरचे रकाने: किती हवेत हे कोणी ठरवायचं?

वर्तमानपत्राचं पान आठवा. कागद रुंद, पण ओळी आखूड. ही डोळ्यांची सोय आहे. ओळ फार लांब असली की ती संपवून डावीकडे परतताना नजर चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. गुटेनबर्गचं 1455च्या सुमाराचं बायबलही दोन रकान्यांतच आहे. मग वेबपेजला हे जमायला इतका वेळ का लागला? माझं पीएचडीचं काम पडद्यावरच्या वाचनाबद्दल आहे, म्हणून हा प्रश्न माझ्या मागेच लागला.

आधी एक फरक बघूया. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असे. हे समांतर रकाने: एकातला मजकूर दुसऱ्यात जात नाही. बातमीचे रकाने मात्र वाहते. पहिला भरला की मजकूर पुढच्याच्या माथ्यापासून सुरू होतो.

1990च्या दशकात वेबपेज रचणारे टेबल वापरायचे. टेबल म्हणजे समांतर रकाने. वाहता मजकूर हवा असेल तर लेख मधेच कापून दोन घरांत हाताने भरायचा. नेटस्केपने 1996मध्ये रकान्यांसाठी 'मल्टिकॉल' हा खास टॅग आणला, पण तो काही रुजला नाही.

कॉलेजात असताना जुन्या पुस्तकावरून शिकून मीही एक लेख असाच कापला होता. आजोबांनी वाचायला घेतला आणि अक्षरं मोठी केली. डावा रकाना पडद्याखाली गेला, उजव्याची सुरुवात वरच राहिली. तळाशी वाक्य अर्धवट तुटलेलं. "लेख अपुराच टाकलायस गं," म्हणाले. चूक माझी होती. त्यांच्या डोळ्यांना काय लागेल, याचा विचारच मी केला नव्हता.

हाकॉन व्हिउम ली यांनी मात्र तो ऑक्टोबर 1994मध्येच केला होता. सर्नमध्ये असताना त्यांनी स्टाइलशीटचा प्रस्ताव मांडला. त्यात प्रत्येक सूचनेपुढे टक्केवारी लिहिता येई: या बाबतीत माझा शब्द किती चालावा? म्हणजे पानाच्या रूपावर लेखकाबरोबर वाचकाचाही हक्क. ती टक्केवारी पुढे गळली, पण कल्पना टिकली.

स्टाइलशीटमधल्या वाहत्या रकान्यांचा मसुदा 1999मध्ये आला, फायरफॉक्सने ते 2005मध्ये दाखवले, इतरांना आणखी वेळ लागला. आज दोन मार्ग आहेत. 'कॉलम-काउंट: 2' लिहिलं तर रकाने दोनच, पडदा केवढाही असो. 'कॉलम-विड्थ: 20ईएम' लिहिलं तर किमान एवढी रुंदी ठेवून बसतील तितके. 'ईएम' हे माप अक्षराच्या आकारावर चालतं. अक्षर मोठं झालं की रकाना रुंदावतो, दोनाचा एक होतो आणि लेख सलग राहतो.

मी दुसरा मार्ग घेतला. आजोबांनी या वेळी लेख शेवटपर्यंत वाचला आणि शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या.

तुम्ही रकाने करणार असाल तर एवढंच करा: पान तयार झालं की अक्षरं दुप्पट मोठी करून स्वतः वाचून बघा. आणि लेख लांबलचक असेल तर सरळ एकच रकाना ठेवा. वाचकाला सारखं खाली-वर करायला लावू नका.