गाळा नंबर ४

भिवंडीत पत्ता सांगताना गाळ्याचा नंबर सगळ्यात शेवटी सांगायचा असतो. आधी गाव सांगायचं, काल्हेर की कशेळी, पूर्णा की राहनाळ. मग कंपाऊंड, मग बिल्डिंग, आणि मग गाळा. बाहेरगावच्या ड्रायव्हरला एवढा दम नसतो. त्याच्या बिल्टीवर शेठने घाईत ‘गाळा नं. ४’ एवढंच खरडलेलं असतं. त्यात शेठचंही काही चुकत नाही, त्याच्या कंपाऊंडात चार नंबर एकच आहे. पण काल्हेरपासून मानकोलीपर्यंत चार नंबरचे गाळे किती असतील, देव जाणे. ड्रायव्हर दिसेल त्या फाटकातून आत वळतो, चार नंबरचं शटर उघडं असतं, हमाल रिकामेच असतात, माल उतरतो. सकाळी कोणाच्या तरी सुताच्या गोणींवर कोणाची तरी साबणाची खोकी चढलेली, आणि दोन शेठ फोनवर.

संगणकाच्या धंद्यात ‘पासथ्रू’ नावाची एक करामत आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता भासवलेला संगणक चालवायचा, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्याच्या हाती एक खरंखुरं कार्ड सोपवायचं. मधे कोणी दलाल नाही. या करामतीची कुळकथा सांगायची तर ती त्या बिल्टीपासूनच सांगावी लागते. कार्ड सोपवणं कधीच फार कठीण नव्हतं. कार्डाने माल कोणाच्या चार नंबरात उतरवायचा, घोळ सगळा तिथे होता.

माझी याच्याशी गाठ पडली ती धामणकर नाक्याच्या अलीकडे, कार्ड पंचिंगच्या एका दुकानात. भिवंडीचे बहुतेक माग साधं ग्रे कापड विणतात, त्यांचा या कार्डांशी संबंध नाही. पण नक्षीचं कापड काढायचं तर माग जेकार्डचा लागतो, आणि जेकार्डला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लागतात. बाण्याच्या एकेका फेकीला एक कार्ड. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक वर जातो आणि त्याच्यासोबत ताण्याचा धागा उचलला जातो. शेकडो कार्डं दोरीने ओवून त्यांची माळ मागावर चढते.

भोकं पाडणारं मशीन चालायचं एका जुन्या पीसीआय कार्डावर, आणि त्या कार्डाचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे यायला तयार नव्हतं. पावसाळ्यात त्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. मशीन धडधाकट, कार्ड धडधाकट, मधला संगणक मेलेला. दुकानदार म्हणाला, “भाऊ, नवीन मशीनची किंमत ऐकून आलोय. तू जुनंच कसं तरी चालव.” लॅमिंग्टन रोडवरून कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, पीसीआयच्या दोन खाचा शिल्लक असलेला एक जुनाच संगणक आणला, त्यावर लिनक्स घातलं, लिनक्सच्या पोटात एक्सपी बसवलं, आणि ते कार्ड एक्सपीच्या हवाली करायला बसलो.

आता मूळ पुरुषाकडे.

१९६४मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी आयबीएमच्या एका छोट्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची प्रणाली बांधायला घेतली. सिस्टीम/३६० घराण्यातलं मॉडेल ४० घेऊन त्याला पत्ते बदलून देणारी एक खास पेटी जोडली, आणि त्या एका यंत्रातून चौदा यंत्रं भासवली. प्रत्येकाला २५६ के स्मृती. आधी ते या भासांना ‘स्यूडो मशीन’ म्हणत. ‘व्हर्च्युअल’ हा शब्द त्यांनी आयबीएमच्याच दुसऱ्या एका प्रकल्पाकडून, एम४४/४४एक्सकडून, उसना घेतला. शब्द टिकला, तो प्रकल्प आज कोणाला आठवत नाही.

या कुळातल्या भासवलेल्या यंत्रांना सगळं खऱ्यासारखं हवं म्हणून कार्ड वाचणारं आणि कार्ड पंच करणारं यंत्रही भासवलेलं मिळे. कोणाला फाइल पाठवायची तर आपल्या खोट्या पंचिंग मशीनमधून कार्डांचा गठ्ठा ‘पंच’ करायचा, तो समोरच्याच्या खोट्या रीडरमध्ये जाऊन पडे. पुठ्ठा कुठेच नसे.

इथे लोक जेकार्डपासून संगणकापर्यंत सरळ रेघ ओढतात, ल्योंचा १८०४चा माग, मग होलेरिथची कार्डं, मग आयबीएम. रेघ इतकी सरळ नाही. बॅबेजने जेकार्डची कार्डं उघड उघड उचलली, हे खरं. पण १८९०च्या अमेरिकी जनगणनेसाठी कार्डं मोजणारं यंत्र करणाऱ्या होलेरिथने स्वतः श्रेय दिलं होतं ते रेल्वेच्या कंडक्टरला, जो प्रवाशाचं वर्णन तिकिटावर भोकं पाडून नोंदवायचा. मागाचं नातं चुलत आहे. तरी त्या दुकानात बसून चुलत नात्याचाही थोडा अभिमान वाटतोच.

भासवलेल्या यंत्राला खरं उपकरण द्यायची सोय आयबीएमच्या घराण्यात लवकरच आली. २ ऑगस्ट १९७२ला जाहीर झालेल्या व्हीएम/३७०मध्ये त्यासाठी ‘अ‍ॅटॅच’ ही आज्ञा होती. कायमचं द्यायचं असेल तर नोंदवहीत ‘डेडिकेट’ अशी ओळ लिहून ठेवायची. घे बाबा, हा टेप ड्राइव्ह तुझा. पण टेप ड्राइव्ह चालतो एका छोट्या यादीवर, आणि त्या यादीत लिहिलेलं असतं की इतके बाइट वाच आणि अमुक पत्त्यावर नेऊन ठेव. पोटातलं यंत्र तो पत्ता स्वतःच्या हिशेबाने लिहिणार. त्याचा चार नंबर, म्हणजे त्याच्या कंपाऊंडातला चार नंबर. टेप ड्राइव्हला कंपाऊंड माहीतच नाही. तो खऱ्या स्मृतीच्या चार नंबरात माल उतरवून मोकळा होणार, आणि तिथे दुसरंच कोणी राहत असणार.

यावर त्यांचा उपाय कारकुनी होता. यादी पुढे जाण्याआधी मुख्य प्रणाली ती अडवायची, तिची नक्कल काढायची, प्रत्येक पत्ता खोडून खरा पत्ता लिहायची आणि मगच सोडायची. दर वेळी. साहजिकच वेळ जायचा. मग एक पळवाट निघाली, जिला ‘व्ही बरोबर आर’ म्हणत. एका लाडक्या यंत्राला खऱ्या स्मृतीच्या अगदी तळाशी, सलग जागा द्यायची. पहिलं पान सोडलं तर त्याचा भासलेला पत्ता आणि खरा पत्ता एकच. आता यादी तपासायची गरज नाही, ‘नोट्रान्स ऑन’ म्हटलं की कारकून सुट्टीवर. अर्थात लाडका एकच असू शकतो, कारण तळमजला एकच.

दुसरी शाखा डीईसी या कंपनीची. १९७०च्या पीडीपी-११मध्ये उपकरणांशी बोलायला वेगळ्या आज्ञा ठेवल्याच नव्हत्या. स्मृतीच्या पत्त्यांमधले सगळ्यात वरचे ८ के उपकरणांना दिलेले होते. त्या पत्त्यावर आकडा लिहिला की तो स्मृतीत न जाता छापयंत्रात नाहीतर डिस्कच्या कंट्रोलरमध्ये जाई. आज प्रत्येक कार्ड आपल्या खिडकीला स्मृतीतला पत्ता मागतं, ते याच वळणावर. ही खिडकी पोटातल्या यंत्राला दाखवणं सोपं आहे. प्रोसेसरच्या पत्त्यांचं भाषांतर करणारी तक्ते-व्यवस्था १९६२च्या मँचेस्टरच्या अ‍ॅटलसपासून होतीच, तिच्यात आणखी एक ओळ घालायची. प्रोसेसरकडून कार्डाकडे जाणारा रस्ता असा सुटला. कार्डाकडून स्मृतीकडे येणारा रस्ता, जिथे कार्ड प्रोसेसरला न विचारता परस्पर माल उतरवतं, तो तसाच उघडा राहिला.

त्या रस्त्यावर फाटक आलं, पण वेगळ्याच कारणाने. माझ्या मते या कुळकथेतली खरी गंमत इथे आहे. १९७५च्या पीडीपी-११/७०ची स्मृती २२ बिटांच्या पत्त्याची होती, म्हणजे ४ एमबीपर्यंत. उपकरणं मात्र जुन्या युनिबसवर, जिचा पत्ता १८ बिटांचा, २५६ केच्या पलीकडचं तिला दिसतच नाही. म्हणून मधे ‘युनिबस मॅप’ बसवला. ८ केचा एकेक तुकडा घेऊन तो खऱ्या स्मृतीत कुठे आहे हे सांगणारी ३१ खाती. उपकरणाने चार नंबर म्हटलं की मॅप बघून सांगे, तुझा चार नंबर तिकडे, मागच्या गल्लीत. चोर येऊ नये म्हणून हे फाटक नव्हतं. गल्ली अरुंद होती, मोठा ट्रक आत जाईना, म्हणून माल छोट्या टेम्पोत घालून देणारा माणूस उभा केला होता.

पीसीच्या घराण्यातही तेच झालं. १९९६च्या एजीपीमध्ये ग्राफिक्स कार्डाला सलग मोठी जागा हवी होती आणि स्मृती तर ४ केच्या तुकड्यांत विखुरलेली. म्हणून ‘गार्ट’ नावाचा तक्ता आला, जो विखुरलेले तुकडे सलग असल्याचं भासवतो. २००३मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये स्मृती ४ जीबीच्या वर गेली आणि ३२ बिटांची जुनी कार्डं आंधळी झाली, तेव्हा लिनक्सवाल्यांनी तोच गार्ट त्यांच्या मदतीला जुंपला. पुन्हा अरुंद दार, पुन्हा माल बदलून देणारा माणूस.

त्या माणसाला काठी आणि रजिस्टर देऊन वॉचमन केलं ते २००६मध्ये. इंटेलने व्हीटी-डीचं आणि एएमडीने आपल्या आयओएमएमयूचं विवरण त्या सुमारास प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी इंटेलच्या क्यू३५ चिपसेटमध्ये ते प्रत्यक्ष उतरलं. आता फाटकावर आलेल्या प्रत्येक कार्डाचं नाव बघितलं जातं, त्या नावाचं पान उघडलं जातं, तुझा चार नंबर म्हणजे इथला अमुक, असं सांगून आत सोडलं जातं, आणि पानावर नसलेला पत्ता सांगितला तर माल उतरूच दिला जात नाही. लिनक्सच्या नोंदीत तेवढी एक तक्रार उमटते: डीएमएआर, लिहिण्याची विनंती, अमुक कार्ड, चुकीचा पत्ता तमुक. २०१२मध्ये लिनक्स ३.६सोबत व्हीएफआयओ आलं. सिस्कोच्या टॉम लायनने ते सुरू केलं होतं, रेड हॅटच्या अ‍ॅलेक्स विल्यमसनने नव्याने लिहून आत घातलं, आणि वॉचमनचं रजिस्टर लिहिण्याची सगळी पद्धत एका जागी आली.

दुकानात मी अडकलो तो त्या रजिस्टरातल्या नावापाशीच. पंचिंगचं कार्ड एका खाचेत होतं, शेजारच्या खाचेत नेटवर्कचं जुनं कार्ड. व्हीएफआयओने पंचिंगचं कार्ड एकटं द्यायला साफ नकार दिला. दोघं एकाच गटात. कारण शोधता शोधता दुपार गेली, आणि ते निघालं साधं: जुन्या पीसीआय खाचा नव्या रस्त्याला एका पुलावरून जोडलेल्या असतात, आणि पुलापलीकडून येणारा प्रत्येकजण फाटकावर पुलाचंच नाव सांगतो. वॉचमनला दोघांतला फरक कळायला मार्ग नाही. एकाला आत सोडायचं तर दोघांना, तेही एकाच पोटभाडेकरूकडे. एका शटरमागे दोन भाडेकरू, किल्ली एक. नेटवर्कचं कार्ड उपसून काउंटरवर ठेवलं आणि इंटरनेटची वायर मदरबोर्डवरच्या सॉकेटला लावली.

दुसरी गोष्ट दुकानदाराच्याच नजरेत आली. एक्सपीला २ जीबी दिली होती, आणि ते उघडताक्षणी लिनक्सची बरोबर तेवढी स्मृती गायब झाली. “एक्सपी अजून उघडलं पण नाही नीट, आणि जागा सगळी खाल्ली?” एरवी पोटातल्या यंत्राला २ जीबी म्हणजे नुसता शब्द दिलेला असतो, जागा लागेल तशी दिली जाते, आणि गरज पडली तर मुख्य प्रणाली एखादं पान परत काढून डिस्कवर टाकते. पण खरं कार्ड हाती दिलं की हे बंद. कार्ड कधी आणि कोणत्या पानावर माल उतरवेल हे आधी सांगत नाही, आणि पान जागेवर नसेल तर फाटकावर थांबून राहणं जुन्या कार्डाला जमत नाही. म्हणून पोटभाडेकरूची सगळीच पानं पहिल्यापासून खिळून ठेवावी लागतात. मी त्याला म्हटलं, गाळा भाड्याने दिला की रिकामा असला तरी दुसऱ्याला देता येतो का? त्याने मान हलवली. त्याच्या मेव्हण्याचे पूर्ण्याला दोन गाळे आहेत.

व्हीएम/३७०च्या ‘व्ही बरोबर आर’मध्येही लाडक्याची जागा हलवता येत नव्हती. आता लाडके अनेक असू शकतात, तळमजल्याची अट गेली, पण जागा खिळलेली ती खिळलेलीच.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मशीन हललं. पहिलं कार्ड बाहेर आलं. केंब्रिजच्या त्या मंडळींनी भासवलेल्या यंत्राला खोटं पंचिंग मशीन दिलं होतं, इथे भासवलेल्या यंत्राने खऱ्या पंचिंग मशीनमधून खरा पुठ्ठा फोडला होता. दुकानदाराला हे सांगायचं होतं, पण त्याला सवड कुठे. त्याने जुन्या माळेतलं त्याच नंबरचं कार्ड शोधलं, नवं त्याच्यावर ठेवलं आणि दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरून भोकाला भोक लागतंय का ते ओळीओळीने पाहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत उजेड येत होता. मग त्याने काउंटरवरचं उपसलेलं नेटवर्क कार्ड उचललं आणि विचारलं, “याचे लॅमिंग्टनला काही येतील का?”