हिप-हॉपचे ध्वनिमुद्रण आणि आपला खर्ज

चांगले ध्वनिमुद्रण ही ऐपतदारांची हौस आहे, शोषितांच्या गाण्याला तिची गरज नाही, असे आपल्या चळवळीतही अधूनमधून बोलले जाते. शब्द पोचला म्हणजे झाले, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो मान्य नाही. ख्यालगायकाचा षड्ज निर्मळ ऐकू यावा म्हणून जिवाचे रान करायचे आणि शाहिराचा शब्द मात्र कर्ण्यातून फाटून आला तरी चालेल म्हणायचे, ही वाटणी निष्पाप नाही. काळ्या अमेरिकेच्या हिप-हॉपने ही वाटणी मानली नाही. म्हणून त्या संगीताचा इतिहास ध्वनिमुद्रणाच्या बाजूने तपासला पाहिजे.

मी मलकापुरात राहतो. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, आंबा घाटाच्या अलीकडचे हे गाव. इथली कॉलेजची पोरे रॅप ऐकतात, पण ऐकतात मोबाइलच्या बोटभर स्पीकरवर. त्यातून खर्ज बाहेर पडतच नाही. म्हणजे ज्या पायावर रॅपचा शब्द उभा असतो तो पायाच गायब. याच्या दुसऱ्या टोकाला मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. तिला आमच्या जिल्ह्यात 'डॉल्बी' म्हणतात. गंमत अशी की रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! त्याचे नाव आमच्याकडे खिडक्यांची तावदाने हलवणाऱ्या गोंगाटाला चिकटले. या दोन टोकांच्या मध्ये, ज्यात शब्द आणि ठेका दोन्ही माणसाच्या अंगाला लागतील, असे ऐकणे आम्हाला माहीतच नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात महामार्ग बांधताना गरिबांच्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. अशा भागात, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, 11 ऑगस्ट 1973 रोजी कूल हर्कने बहिणीच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या. हर्क मूळचा जमैकाचा. जमैकात गल्लीत मोठाली ध्वनियंत्रणा उभारून लोकांना गाणे ऐकवण्याची रीत होती. खर्ज पोटात जाणवला पाहिजे, ही तिथली कसोटी. हर्कने तीच कसोटी ब्राँक्समध्ये आणली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो त्यातला निव्वळ ठेक्याचा तुकडा लांबवत नेई. त्याच्यामागून आलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने शाळेत इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले होते आणि आपली यंत्रे तो स्वतः जोडत असे. सांगायचे ते हे, की खिशात पैसा नसलेल्या या पोरांनी ध्वनीची हेळसांड केली नाही. गरिबीला त्यांनी सबब बनवले नाही.

पहिली काही वर्षे हे संगीत तबकडीवर आलेच नाही. 1979 साली 'रॅपर्स डिलाइट' आले ते बारा इंची तबकडीवर, साडेचौदा मिनिटांचे. बारा इंची तबकडीवर एकच गाणे घेतले की खाचा रुंद ठेवता येतात. खाच रुंद असली की खर्ज भरदार उमटतो. म्हणजे या कलाप्रकाराला साजेसे माध्यम त्याला वेळेवर मिळाले.

आपल्या जलशाला ते मिळाले नाही. सत्यशोधक जलसा कोल्हापूर-सातारा भागात गावोगाव फिरला. त्याच परंपरेतून 1930 नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. जलसा रात्रभर चालायचा. त्यात सवाल-जवाब, विनोद, बतावणी, लोकांतून आलेला हुंकार, सगळे काही. आणि त्या काळची ग्रामोफोनची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. तिच्यात जलसा मावणार कसा? शिवाय तबकडी काढायची ती विकत घेणाऱ्यासाठी, आणि जलशाच्या श्रोत्याकडे ग्रामोफोन नव्हता. पुढे कॅसेट आली. 1980 नंतर ती स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोचले. कॅसेटचे हे ऋण मोठे आहे. पण कॅसेटची कॅसेट, तिची पुन्हा कॅसेट, असे होत गेले. दर प्रतीला खरखर वाढली, वरचे सूर गळाले, ढोलकी आणि हार्मोनियम एकमेकांत कालवले गेले. वामनदादा कर्डकांना (1922-2004) ज्यांनी समोर बसून ऐकले नाही, अशा पिढीच्या वाट्याला हेच आले.

आता चांगले मुद्रण ओळखायचे कसे? विद्यार्थ्यांना मी तीन अल्बम ऐकवतो. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' (1991) : नावातच खर्ज आहे. ध्वनिमुद्रक बॉब पॉवर. एका गाण्यात रॉन कार्टर हे जाझमधले थोर वादक स्वतः बास वाजवतात. त्यात बास वेगळा, ड्रमचा ठोका वेगळा, आणि दोघांच्या मध्ये शब्दाला स्वतःची जागा. द रूट्सचा 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1999) : नाव चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीचे, वाद्ये बव्हंशी प्रत्यक्ष वाजवलेली, ड्रमच्या कातड्याचा ताण कळतो. केंड्रिक लामारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' (2015) : जाझचे वादक सोबतीला, आणि कुजबुजीपासून आक्रोशापर्यंत आवाजाच्या सर्व पायऱ्या शाबूत.

मात्र खडबडीत म्हणजे वाईट, असा नियम करू नये. पब्लिक एनिमीचा 1988 चा अल्बम भोंगे, किंकाळ्या, ओरखडे यांनी गच्च भरला आहे, आणि तो गोंगाट विचारपूर्वक रचलेला आहे. वू-टँग क्लॅनच्या 1993 च्या अल्बमचा मळकटपणाही तसाच, त्यांच्या वस्तीचा वास घेऊन आलेला. निवडलेला खडबडीतपणा आणि लादलेला खडबडीतपणा यांत फरक करता आला पाहिजे. जलशाची खरखर दुसऱ्या जातीची आहे.

आणखी एक फसवणूक सांगतो. 1990 नंतर सीडी अधिकाधिक मोठ्याने वाजावी म्हणून आवाजातले चढउतार चेपून टाकण्याची स्पर्धा लागली. जुन्या अल्बमच्या 'नव्याने सुधारलेल्या' आवृत्त्या पुष्कळदा अशा चेपलेल्या असतात. दोन्ही आवृत्त्या सारख्याच पातळीवर ठेवून ऐकाव्यात. मोठा आवाज कानाला नेहमीच सरस भासतो. महागडी यंत्रे लागत नाहीत. साधा तारेचा हेडफोन आणि शांत खोली पुरते.

आपल्याकडेही आता जाग आली आहे. चेन्नईचा 'कास्टलेस कलेक्टिव्ह' 2018 पासून गाना आणि रॅप एकत्र मांडतो आहे. अरिवु आणि ऑफरो यांचा 'तेरुकुरल' 2019 चा. मुंबईच्या 'स्वदेशी'ने 2019 साली आरेच्या आदिवासींसाठी 'द वारली रिव्होल्ट' केले; त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. तो सजावटीसाठी मागे ठेवलेला नाही, पुढे आणला आहे. मिक्सिंगमध्ये कोण पुढे आणि कोण मागे, हाही राजकीय निर्णय असतो. तो आपल्या माणसांच्या हाती असला की काय होते, ते इथे ऐकू येते.

जलशाच्या आणि भीमगीतांच्या कॅसेटी आमच्या तालुक्यात अजून घराघरांत आहेत, ट्रंकेत, माळ्यावर, देव्हाऱ्यात असावी तशी बाबासाहेबांच्या फोटोमागे. शाहूवाडीच्या पावसात फितीला बुरशी धरते. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लगेच वाजवू नये. आधी कोरडी करून घ्यावी, टेपचे हेड साफ करावे, आणि पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवून घ्यावे, कारण दुसरी खेप फीत देईलच असे नाही. आजवर आम्ही अकरा कॅसेटी उतरवल्या. त्यांतल्या दोघींवर गायकाचे नाव नाही.