ज्ञानेश्वर एक की दोन? आणि चांगदेवांचं कोरं पत्र

१८९८-९९ च्या सुमारास पुण्याच्या ‘सुधारक’मध्ये एक लेखमाला आली. लेखकाचं टोपणनाव ‘भारद्वाज’, खरं नाव शिवराम एकनाथ भारदे. आगरकरांनी १८८८ साली काढलेलं हे पत्र. ते स्वतः १८९५ मध्येच गेले होते, पण पत्राची खोड तीच राहिली होती : जे सगळे गृहीत धरतात, ते तपासून बघायचं.

भारद्वाजांनी काय तपासलं? तर थेट ज्ञानेश्वरांची ओळख! त्यांचं म्हणणं असं, की ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव वेगळा आणि विठ्ठलाचे अभंग रचणारा वेगळा. एक आपेगावचा, नाथपंथी, शैव वळणाचा. दुसरा आळंदीचा, वारकरी. कारणं दोन. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती दिसत नाही, अभंगांत मात्र ती ओसंडून वाहते. आणि अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा बरीच अलीकडची वाटते.

मोठा वाद झाला. होणारच. जिथून दरवर्षी पालखी जाते त्या शहरात ‘तुमची माऊली एक नाही, दोन आहेत’ असं छापून येणं म्हणजे गंमत नव्हे. पण लोकांनी उत्तरं दिली ती पुन्हा पोथी उघडून. अभंग कीर्तनातून, तोंडातोंडी फिरले, म्हणून त्यांची भाषा प्रत्येक पिढीत ताजी होत गेली, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. आज बहुतेक अभ्यासक ज्ञानदेव एकच मानतात. काही अभंग मात्र मागाहून त्यांच्या नावावर चढले असावेत, हेही मान्य करतात.

बरं, पोथी तरी जशीच्या तशी कुठे राहिली? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची, नेवाशाची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करताना इतके पाठ बदलले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. शेवटी त्यांनी बजावलंही, की यात कुणी आपली ओवी घुसडू नये. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘ही एकनाथांच्याही आधीची’ म्हणून वेगळी प्रत छापली आणि पुन्हा वाद! म्हणजे संशोधन हा संतांचा अपमान असेल, तर पहिला गुन्हेगार एकनाथ ठरतात. पटतंय का?

हे सगळं डोक्यात ठेवून ‘चांगदेव पासष्टी’ पुन्हा वाचली. ६५ ओव्या, तासाभराचं काम. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. थोर योगी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतात आणि मायन्यालाच अडतात. चिरंजीव लिहावं तर समोरचा ज्ञानाने मोठा. तीर्थरूप लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवतात.

लहानपणी ही गंमत वाटायची. आता वाटतं, अख्खा प्रश्न त्या कोऱ्या कागदात आहे. समोरच्याची पायरी ठरल्याशिवाय आपल्याला त्याच्याशी बोलताच येत नाही. आणि उत्तर कोण देतंय? ज्याला संन्याशाचं पोर म्हणून वाळीत टाकलं, तो. तो स्वतःची पायरी सांगत बसत नाही. सोन्याचा दागिना झाला तरी सोनं सोनंच राहतं, तसे तू आणि मी, एवढंच सांगतो. परंपरा तर पुढे म्हणते, की या वयोवृद्ध योग्याने गुरू केलं ते चिमुरड्या मुक्ताईला.

आता कडू भाग. पोथी लिहून साडेसहाशे वर्षं झाली, तरी पंढरपूरच्या मंदिराचं दार अस्पृश्यांना बंदच होतं. ते उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पारायणं होत नव्हती का? होत होती की. वाचणं आणि वाचलेलं अंगी लागणं यातलं अंतर हे एवढं आहे.

आजही पालखी पुण्यात मुक्कामाला आली की भवानी पेठेत जो तो समोरच्याला ‘माऊली’ म्हणतो. नाव नाही, गाव नाही, जात नाही. चांगदेवांना न सुचलेला मायना वारकऱ्याने शोधून काढलाय! पालखी दिवे घाटाकडे निघाली की मात्र आपण मुळावर येतो. घर भाड्याने द्यायचं असो की मुलीचं लग्न, पहिला प्रश्न ठरलेला : “आडनाव काय?”

म्हणून मला भारद्वाजांचा आदर वाटतो, त्यांचा निष्कर्ष टिकला नसला तरी. ज्ञानेश्वर एक की दोन याचा निकाल पंडित लावतील. रोज कागद हातात घेऊन मायन्याशी अडतो ते आपण. तो कुणी दुसऱ्याने लिहून द्यायचा नाही.