मर रोग आणि वाचलेले झाड

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांचे मूळ शेतीत आहे. ज्यांनी पुढे दुकान, कचेरी अथवा शाळा धरली, त्यांच्याही आजोबांचे हात वऱ्हाडच्या काळ्या मातीत मळलेले होते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत राजेरजवाड्यांच्या लढाईऐवजी आपल्याच शेतातील एका जुन्या लढाईचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे.

चिखली-मेहकरकडील शेतकऱ्यास हे दृश्य नवे नाही. तूर फुलोऱ्यास येते, जमिनीत ओल असते, आणि तरीही एखादे झाड पाण्यावाचून राहिल्यासारखे मान टाकते. बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढलेला दिसतो. खोड चिरावे तर आत काळसर रेघा. हाच तुरीचा मर रोग.

ह्या रोगाचा छडा लावणारा शास्त्रज्ञ म्हणजे एडविन जॉन बटलर. शिक्षणाने ते वैद्य, परंतु त्यांचे मन रमले वनस्पतींच्या दुखण्यांत. १९०१ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढे बिहारमधील पुसा येथील संस्थेत काम करू लागले. १९१० साली तुरीच्या मर रोगावरील आपल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, ह्या रोगाचे कारण मातीतील एक बुरशी आहे. तिला त्यांनी ‘फ्युजेरियम उडम’ हे नाव दिले. ती मुळावाटे आत शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नलिका कोंडून टाकते. झाड ओलीत उभे राहून तहानेने मरते, ते ह्यामुळे. काळ्या जमिनीत गाडल्या गेलेल्या रोगट मुळांत ही बुरशी सुमारे ३ वर्षे तग धरते, असे पुढील संशोधनात आढळले. तेथवर फवारा कसा पोहोचणार?

मग उपाय कोणता? उपाय शेतातच उभा होता. १८९९ च्या सुमारास अमेरिकेत ऑर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने मर रोगाने उजाड झालेल्या कपाशीच्या शेतात काही झाडे निरोगी उभी असलेली पाहिली, व त्यांचेच बी राखून रोगास दाद न देणारे वाण तयार करण्याची वाट दाखविली. आपल्या वऱ्हाडातही देशी कपाशी जेथे मर रोगाने जाई, तेथे ‘बुरी’ नावाची अमेरिकन वंशाची कपाशी टिके.

तुरीच्या बाबतीत हेच कार्य पुढे पाटंचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत झाले. तेथे रोगट माती मुद्दाम राखून तीत असंख्य वाण पेरले गेले. मेले ते गेले, वाचले ते निवडले. १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झालेला ‘मारुती’ हा मर-प्रतिबंधक वाण अशाच निवडीतून आला, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रातील एका स्थानिक वाणात आहे. त्यानंतर आलेल्या ‘आशा’ ह्या वाणाच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा २०११ साली वाचला गेला.

तथापि प्रतिकारशक्ती हे कायमचे वरदान नव्हे. झाडाला आपल्यासारखे रक्त नाही. प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच द्यावा लागतो. पहारेकरी ओळखू शकणार नाही असे रूप बुरशीही घेते. म्हणून एका ठिकाणी टिकलेला वाण दुसरीकडे बळी पडू शकतो. एकाच बियाण्यावर सारे शिवार सोपविणे धोक्याचे, ते ह्याचसाठी.

येथे आपल्या वाडवडिलांची एक रीत आठवते. ते तूर क्वचितच एकटी पेरीत; ज्वारीच्या अथवा कपाशीच्या तासांत तिच्या ओळी घालीत. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर रोगाचे प्रमाण घटते, असे पाटंचेरूच्या प्रयोगांनीही दाखविले आहे. आज आपल्या जिल्ह्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन पुढे आले आहे. बाजारभावापुढे शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. पण ज्वारीबरोबर एक औषधही शेतातून गेले, हे ध्यानी असावे.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारी आपली मुले-मुली सुटीत घरी येतील, तेव्हा त्यांना बांधावर घेऊन जावे. मेलेले झाड तर दाखवावेच. पण त्याच्या शेजारी हिरवे उभे असलेले झाडही दाखवावे, त्यावर खूण बांधावी आणि त्याच्या शेंगा वेगळ्या ठेवाव्यात. ऑर्टन ह्यांच्या विद्येचा आरंभ असाच एका वाचलेल्या झाडापाशी थांबून झाला होता.