पावसाळा, दर्या आणि पापलेट

परवा पुतणीने विचारले, "काका, श्रावणात मासे न खाणे हा आपल्या पूर्वजांचा पर्यावरणविचारच ना?" मंडळी, ऐकायला छान वाटते, पण मला ते पूर्ण पटत नाही.

शिडाची होडी आषाढातल्या दर्यात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, आगोटीची बेगमी म्हणून सुके बोंबील, सुकट, सोडे भरायचे आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पून पुन्हा निघायचे. याच दिवसांत बऱ्याच माशांची वीण होते. त्यांना उसंत मिळे ती माणसाच्या भीतीमुळे. (श्रावण पाळणाऱ्यांचे पुण्य वेगळे!)

इंजिने आली, ट्रॉलर आले, भीती ओसरली. मग वाऱ्याचे काम कायद्याला करावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. केरळात ट्रॉलरवर पावसाळी बंदी आली १९८८मध्ये, तीही पारंपरिक मच्छीमारांनी रस्त्यावर उतरून झगडल्यावर. पुढे पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, अशी ६१ दिवसांची बंदी ठरली.

पण उरलेल्या दहा महिन्यांचे काय? २०२३मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींचे किमान आकारमान ठरले. पापलेटाचे १३५ मिलिमीटर. तरी बाजारात तळहाताएवढी पिल्ले दिसतातच. कोळणीला मी बोल लावत नाही. तव्यात अख्खे मावणारे, स्वस्तातले पापलेट मागतो आपणच. मी ते घेत नाही. मापाचे म्हणाल तर, मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. तिच्याहून दीड सेंटिमीटर कमी, इतकेच.