खुर्दा आणि टाक : पानिपतानंतरच्या घरगुती शोकाची परिभाषा

दौंड तालुक्यातील राहू हे गाव भीमा आणि मुळा-मुठा ह्या नद्यांमधील प्रदेशात वसलेले आहे. ह्या पट्ट्यास लोक 'राहू बेट' असे म्हणतात. दोन्ही नद्यांचा संगम जवळच, शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे होतो. आज हा मुलूख उसासाठी ओळखला जातो. पेशवाईत मात्र भीमाकाठचा हा सारा प्रदेश 'भीमथडी' ह्या नावाने प्रसिद्ध होता, आणि ही प्रसिद्धी घोड्यांची होती. काटक, अल्पाहारी व लांब मजल मारणारी भीमथडी तट्टे हा मराठी घोडदळाचा मोठा आधार. पानिपतच्या युद्धाची चर्चा बहुधा रणभूमीवरून किंवा पुण्याच्या दरबारातून केली जाते. घोडा आणि स्वार पुरविणाऱ्या अशा मुलखाच्या अंगणातून त्या युद्धाकडे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लढाईच्या डावपेचांची मीमांसा शेजवलकरांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने केली आहे. तिची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. आपला प्रश्न भाषेचा आहे. परत न आलेले माणूस घराने कोणत्या शब्दात सांगितले, आणि कोणत्या वस्तूत जपले?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी सैन्याचा नाश झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले व त्यातून पराभवाची पहिली वार्ता कळली, अशी सुप्रसिद्ध हकीकत आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला ह्याची गणती नाही, असा त्या सांकेतिक मजकुराचा आशय. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे उरलेले सर्व, असा त्याचा अर्थ परंपरेने लावला आहे. लोकमुखी ह्यात आणखी एक भर पडली : लाख बांगडी फुटली. पाठ निरनिराळे आढळतात आणि आकडे शब्दशः घ्यावयाचे नाहीत हे उघड आहे. तथापि ज्या शब्दांनी ही वार्ता मराठी मनात रुजली, त्यांची निवड अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

ह्यातील एकही शब्द रणांगणाचा नाही. तलवार, निशाण, तोफ ह्यांपैकी काहीच येथे येत नाही. मोती, मोहर, रुपया, खुर्दा आणि बांगडी हे सारे पेटीतले, कनवटीचे व हातातले शब्द आहेत. युद्धाचे नुकसान येथे घरातील चीजवस्तूंच्या हिशेबात मांडले आहे. क्रियापदेही पाहण्याजोगी आहेत. मोती 'गळतो', कोंदणातून एकदा निसटला म्हणजे जागा रिकामी दिसत राहते. मोहर 'हरवते', हरवलेली वस्तू कदाचित सापडेल, ही आशा त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. बांगडीच्या बाबतीत तर मराठीचा एक शिष्टाचार मोडला आहे. आपल्या घरात बांगडी फुटली असे सहसा म्हणत नाहीत, 'वाढवली' असे म्हणतात. मंगळसूत्र तुटले तरी ते 'वाढते'. अशुभाचे नाव टाळण्याची ही रीत आजही चालू आहे. जी भाषा एका बांगडीसाठी इतका संकोच बाळगते, तीच लाख बांगड्यांच्या प्रसंगी 'फुटली' असे उघड बोलते. शोक एवढा झाला की पर्यायोक्तीस जागा उरली नाही, असाच ह्याचा अर्थ करावा लागतो.

'हरवणे' ह्या शब्दातील आशा किती खरी होती हे पेशव्यांच्या घरातच दिसते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने रणभूमीवर भाऊंच्या शोधाची हकीकत लिहून ठेविली आहे. शिर नसलेले एक धड अंगावरील खुणांवरून ओळखण्यात आले, आणि त्या प्रेताखाली काही मोलवान मोती सापडले, असे तो सांगतो. म्हणजे पत्रातला मोती रूपकाचा, तर रणातला मोती प्रत्यक्ष, ओळख पटविण्याच्या कामी आलेला. तरीही भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. १७६३ साली त्या निवर्तल्या तोपर्यंत त्यांचे कुंकू व बांगड्या कायम होत्या. पुढे भाऊ म्हणविणारा तोतया उभा राहिला व अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यास १७७६ साली देहदंड झाला. त्या युद्धातून वाचलेल्या नाना फडणिसांची आईही परत आली नाही; त्यांच्या आत्मवृत्तात हे दुःख नमूद आहे. देह न मिळाल्यास दर्भ व पळसाची पाने ह्यांची प्रतिकृती करून दहन करावे, अशी शास्त्राची सोय आहे. पण त्यासाठी आधी माणूस गेला हे घराने मान्य करावे लागते. पार्वतीबाईंच्या हातातील बांगड्या ही त्या मान्यतेस दिलेली नकाराची साक्ष होती.

मोत्यांचा आणि मोहरांचा इतिहास असा नावानिशी सांगता येतो. भीमथडीच्या वाट्यास आला तो खुर्दा. शिलेदार आणि बारगीर ह्यांतला भेद येथे ध्यानात घ्यावा. बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा व हत्यार त्याच्या स्वतःच्या घरचे. तेव्हा शिलेदार पडला म्हणजे घराचा कर्ता गेला, आणि त्याच्याबरोबर घरातली सर्वांत मोलाची चीजही गेली. अशा कुटुंबांसाठी पेशवाईत 'बालपरवेशी' ह्या नावाची नेमणूक असे. 'परवेशी' हा फारसी 'परवरिश'चा मराठी अवतार. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांचे पालन हा अर्थ त्या एका शब्दात मावला आहे. दप्तरात ह्या घरांची आठवण राहिली ती मुख्यतः अशा नेमणुकांच्या रूपाने.

घरात मात्र दुसरे दप्तर होते, ते देव्हाऱ्यातले. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांत देवांबरोबर पूर्वजांचे टाक पूजेत असतात. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठविलेली छोटी प्रतिमा. घरचा कोणी लढाईत पडला असेल तर त्याचा टाक 'वीर' म्हणून पुजण्याची चाल आहे. नाशिककडे धुळवडीस असे वीर वाजतगाजत मिरवितात. दगडी वीरगळ गावाबाहेर उभा असतो. टाक तळहातावर मावतो आणि भाऊ वेगळे झाले तर देवांच्या वाटणीतही येतो. हरवलेल्या माणसाच्या जागी घराने ठेविलेली ही वस्तू होय.

परंतु येथे एक सावधगिरी अवश्य आहे. घोड्यावरचा टाक दिसला म्हणजे तो वीराचाच, असे म्हणता येत नाही. जेजुरीचा खंडोबाही अश्वारूढच असतो. पत्र्यावरील आकृतीवरून दोहोंतील भेद नेहमीच ठरत नाही; तो ठरतो घरातल्या वृद्धेच्या शब्दाने. हा खंडोबा, हा वीर, हा अमक्या पिढीचा, असे ती सांगते तोपर्यंतच टाक हे साधन आहे. झिजलेला टाक नदीत सोडून नवा घडविण्याची रीत असल्याने चांदी बदलत जाते. पिढ्यांतून टिकतो तो शब्दच. तो तुटला की वीर देवात मिसळून जातो, आणि माणूस दुसऱ्यांदा हरवतो.

पहिल्या महायुद्धानंतर दख्खनच्या कित्येक गावी संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. ह्या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर बहुधा असतो. १७६१ साली ज्या खुर्द्याची गणती झाली नाही, त्याची आता गणती झाली. नावे मात्र तेव्हाही नव्हती आणि आताही बहुधा घरच्या आठवणीवरच सोपविलेली राहिली.

राजवाड्यांनी १८९८ साली पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून आपण कागद वाचविण्यास शिकलो, आणि ते कार्य थोर आहे. राहूसारख्या गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच निष्ठेने देव्हाऱ्यासमोर बसावे. टाकाचे वजन व ठसा टिपण्यापूर्वी त्यास घरात कोणत्या नावाने हाक मारतात हे विचारावे, आणि ते नाव ज्या उच्चारात सांगितले जाईल त्याच उच्चारात लिहून घ्यावे. मोत्यांची नावे इतिहासास ठाऊक आहेत. खुर्द्यातील एखादे नाव जरी असे हाती लागले, तरी त्या जुन्या पत्रातील 'गणती नाही' ह्या शब्दांस तेवढे उत्तर दिल्यासारखे होईल.